पेडणेकरसाहेबांची खरेदी

नोकरीच्या पहिल्याच दिवशी पेडणेकरसाहेबांनी मला खराट्यांचा भाव काढायला पाठवलं. मी बी.कॉम. होऊन, कडक इस्त्रीचा ड्रेस घालून, वसई पूर्वेच्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात खरेदी विभागाची असिस्टंट म्हणून रुजू झाले होते. खराटे म्हणजे माझ्या शिक्षणाची चेष्टाच, असं मला वाटलं. गेटबाहेरच्या पहिल्या दुकानात गेले, भाव विचारला आणि लगेच परत येऊन सांगितला. साहेबांनी चष्म्याच्या वरून पाहिलं.

“हा भाव नाही,” ते म्हणाले. “ही त्या दुकानदाराची इच्छा आहे. अजून दोघांची इच्छा विचारून या. मग भाव काय ते आपण बघू.”

मधुकर पेडणेकर आमचे पर्चेस ऑफिसर. मूळचे कणकवलीकडचे, पण नोकरी सगळी वसईत. अंगाने सडसडीत, बारा महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि बोलताना आवाज कधी चढायचा नाही. कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उलटी करून तिचं बूड बघायची त्यांना सवय होती. कारखान्यात गास्केट, फ्लँज असले सुटे भाग उलटे करून बघणं ठीक. पण लोकांच्या घरचा चहाचा कप, लग्नात मिळालेला तांब्या, एकदा तर सोसायटीच्या गणपतीपुढचं नवं निरांजनही त्यांनी उलटं करून पाहिलं होतं. “वरची बाजू सगळेच चकचकीत करतात,” असं त्यांचं म्हणणं.

ते कंजूष होते असं कारखान्यात अनेकांना वाटे. मला तसं कधी वाटलं नाही. पुरवठादारांचे पैसे त्यांनी एक दिवस उशिरा जाऊ दिले नाहीत आणि दिवाळीत कुणाचा काजूकतलीचा डबा घेतला नाही. “डबा घेतला की जीभ जड होते,” म्हणायचे. भाव करताना ते समोरच्याला चहा पाजत, त्याच्या घरच्यांची चौकशी करत आणि मग शांतपणे विचारत, “बोला, खरा आकडा काय?” मला शिकवताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे : “माल आणणं सोपं, पुरवठा चालू ठेवणं कठीण. स्वस्त मिळालं म्हणून उड्या मारू नका, महाग मिळालं म्हणून रडू नका. उत्पादनाची लाइन मध्येच थांबता कामा नये, एवढं बघा.”

घरीही तेच. माणिकपूरला आमच्या शेजारच्या विंगमध्ये ते राहायचे. त्यांच्या पत्नी सुलभावहिनी अतिशय बोलक्या आणि हौशी. त्या सांगायच्या, “लग्नानंतरची पहिली साडी घ्यायला गेलो. यांनी तीन दुकानं हिंडवली आणि शेवटी पहिल्याच दुकानात परत आणलं. तोवर ती साडी दुसरीनेच नेली होती. तेव्हापासून मी माझ्या साड्या एकटीच घेते.” साहेब शेजारी बसून हे ऐकत आणि म्हणत, “दुसरी घेतली ती जास्त टिकली.” मुलगी नागपूरला दिलेली, घरात दोघंच. साहेब निवृत्त झाले तेव्हा मी त्यांच्या खुर्चीत बसले; पण अडलं की संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन विचारायचा माझा रिवाज सुटला नाही. त्यामुळे पुढे जे घडलं ते मी जवळून पाहिलं.

वहिनींच्या काखेजवळ गाठ लागली. तपासण्या झाल्या, कॅन्सर निघाला. वसईतल्याच एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, केमोथेरपी सुरू झाली, केस गेले. वहिनींनी हे सगळं फार धीराने घेतलं. मेडिक्लेमची रक्कम मात्र तोवर बहुतेक संपत आली होती. मग डॉक्टरांनी सांगितलं की या प्रकारच्या गाठीवर एक वेगळं इंजेक्शन असतं. दर तीन आठवड्यांनी एक, असं वर्षभर घ्यायचं. त्याने रोग परतायची भीती बरीच कमी होते. त्यांनी औषधाचं नाव लिहून दिलं आणि खालच्या मजल्यावरच्या औषधांच्या दुकानात चौकशी करायला सांगितलं.

चौकशी करून साहेब वर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. पण वर्षभराचा हिशेब त्यांच्या फंडाच्या व्याजात तर सोडाच, अर्ध्या फंडातही बसत नव्हता. मुलीने पाठवायची तयारी दाखवली, पण तिचं स्वतःचं घर कर्जावर होतं.

साहेबांनी मग त्यांना जे येत होतं तेच केलं. सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे. वसई, नालासोपारा, विरार, भाईंदर, मुंबई. औषधांची दुकानं, घाऊक विक्रेते, कंपनीचे वितरक. एकच बाटली, वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी किंमत. छापील किमतीहून कितीतरी कमी भावात तीच वस्तू देणारे लोक आहेत हे पाहून त्यांना धक्का बसला नाही. उलट आपल्या ओळखीच्या मुलखात आल्यासारखं वाटलं असावं. पण पहिला डोस घ्यायची तारीख जवळ येत होती आणि साहेब अजून भावच काढत होते.

एका संध्याकाळी वहिनी माझ्याकडे आल्या. डोक्याला सुती रुमाल बांधलेला, जिना चढून दम लागलेला. खुर्चीत बसल्या आणि एकदम रडू लागल्या.

“नीलिमा, मी काय गास्केट आहे का गं? तीन ठिकाणी विचारून मगच घ्यायची? शेजारच्या बायका विचारतात, इंजेक्शन सुरू झालं का? काय सांगू? आमचे हे बाजारात आहेत म्हणून सांगू?”

“वहिनी, ते तुमच्यासाठीच धावपळ करतायत.”

“धावपळ करतात ते दिसतंय मला. पण एकदा तरी म्हणाले का, की सुलभा, काय वाट्टेल ते होवो, हे औषध मी तुला आणून देतो? नाही म्हणाले. म्हणतात, ‘अजून एक जण आकडा देणार आहे.’ माझ्या जिवाचा आकडा!”

त्याच आठवड्यात आणखी एक प्रकार झाला. कुणीतरी साहेबांना एका माणसाचा पत्ता दिला. तो माणूस स्टेशनजवळ भेटला, पिशवीतून खोका काढला आणि निम्म्याहून कमी भाव सांगितला. बिल मिळणार नाही म्हणाला. साहेबांनी खोका उलटा केला, छपाई पाहिली, मग त्याला विचारलं, “हे औषध फ्रिजमध्ये ठेवायचं असतं. तुमच्या पिशवीत बर्फ कुठे आहे?” तो हसला आणि म्हणाला, “काका, एवढं कोण बघतं?” साहेबांनी खोका त्याच्या हातात परत दिला आणि घरी आले. वहिनींना कळलं ते एवढंच, की सगळ्यात स्वस्त मिळत होतं तेही यांनी घेतलं नाही. “मग घेणार तरी काय?” त्या ओरडल्या. साहेब म्हणाले, “बिनबिलाचं स्वस्त नसतं, सुलभा.” ती दोघं त्या रात्री एकमेकांशी बोलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळ होती. वहिनींनी मला बरोबर चल म्हणून सांगितलं. रिक्षात दोघं दोन कडांना आणि मी मध्ये.

डॉक्टर चाळिशीच्या बाई होत्या, हुशार आणि घाईत. साहेबांनी खिशातून कागद काढला आणि कारखान्यात बोलत तसंच बोलायला सुरुवात केली. “मॅडम, या औषधाला इक्विव्हॅलंट काही आहे का? दुसरा मेक? परफॉर्मन्सची काही तुलना उपलब्ध आहे का? म्हणजे टेक्निकली—”

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. “काका, मी विचार करूनच लिहून दिलंय. तुमचा माझ्यावर विश्वास नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. माझी काही हरकत नाही.”

“तसं नाही, मॅडम. विश्वासाचा प्रश्न नाही. मी फक्त पर्याय—”

“पर्याय कशासाठी?”

मी त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढली. मोठमोठ्या कंपन्यांचे सेल्स मॅनेजर त्यांच्यासमोर घाम पुसताना मी पाहिले होते. त्या दिवशी साहेबांच्या कपाळावर घाम होता. कागदाची घडी ते उघडत होते आणि पुन्हा घालत होते. कशासाठी या एका प्रश्नाचं उत्तर त्यांच्या तोंडून बाहेर पडेना.

मग वहिनी बोलल्या. अगदी साध्या आवाजात.

“डॉक्टर, आम्हाला हे परवडत नाही.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. चेहऱ्यावरची आठी गेली. “अहो काकू, हे पहिल्या दिवशी सांगायचं ना! मला कसं कळणार? मी औषध लिहिते, लोक मान हलवतात आणि जातात. काही जण परत येतच नाहीत. मला वाटतं बरे आहेत.”

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. हे औषध आता आपल्याकडच्या कंपन्याही बनवतात, त्या म्हणाल्या. चाचण्या होऊन, परवानगी घेऊन आलेलं आहे. मी माझ्या कितीतरी पेशंटना तेच देते आणि मला फरक दिसलेला नाही. किंमत पुष्कळ खाली येते. शिवाय खालच्या दुकानात छापील भावाने घेऊ नका, माझं नाव सांगून विचारा. आणि आणखी एक. एका बाटलीत काकूंना लागतं त्याहून जास्त औषध असतं. उरलेलं आम्हाला फेकून द्यावं लागतं, कारण फोडलेली बाटली इथे दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवत नाही. याच औषधाची आणखी एक पेशंट आहे. दोघी एकाच दिवशी आलात, मिळून बाटल्या घेतल्यात, तर फुकट काही जाणार नाही आणि दोघींचा खर्च उतरेल. चालेल?

“चालेल,” वहिनी म्हणाल्या. साहेब अजून कागदाकडेच बघत होते.

जिना उतरताना ते मधल्या पायरीवर थांबले. “सुलभा, एवढं एक वाक्य. मला का नाही बोलता आलं?”

“तुम्हाला भाव करता येतो. मागता येत नाही.”

“पण हे मागणं कुठे होतं?”

“नव्हतंच. तुम्हाला तसं वाटत होतं.” वहिनींनी कठड्याला धरून श्वास घेतला. “आणि मला वाटत होतं, तुम्ही माझा भाव करताय.”

साहेब म्हणाले, “पहिले दोन-तीन डोस मी कसेही आणले असते. दागिने विकून आणले असते. पण पुढचे? मध्येच थांबलं तर काय, या विचाराने मला झोप नव्हती. लाइन थांबता—”

“मला लाइन म्हणू नका,” वहिनी म्हणाल्या आणि हसल्या. त्या आजारपणात त्यांना मोकळेपणाने हसताना मी प्रथमच पाहिलं.

दुसरी पेशंट म्हणजे पाचूबंदरची आग्नेस. सुकी मासळी विकणारी, पन्नाशीची, ख्रिस्ती कोळीण. नवरा कधीच वारला होता, मुलगा बोटीवर. ऑपरेशन तिने सरकारी आरोग्य योजनेतून मुंबईत करून घेतलं होतं, पण हे इंजेक्शन त्यात बसत नाही असं तिला सांगितलं गेलं आणि ती गप्प घरी बसली होती. चर्चमधल्या लोकांनी थोडे पैसे जमवले, एका ट्रस्टने थोडे दिले, तेव्हा कुठे ती या डॉक्टरांकडे पोचली. पहिल्या मंगळवारी डे-केअर वॉर्डात ती वहिनींच्या शेजारच्या खाटेवर येऊन बसली. वहिनींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“तूच का माझी वाटेकरीन?” तिने विचारलं. “बाय, बाटली एक आनि आपन दोघी. कोनाला जास्त गेली तर बोंब मारायची नाय.”

वहिनींना ती पहिल्याच दिवशी आवडली. वर्षभर दर तीन आठवड्यांनी दोघी शेजारी शेजारी झोपून एकाच बाटलीतलं औषध घेत होत्या. बोलणं कधी संपत नसे. आग्नेस साहेबांसाठी सुके बोंबील आणायची. साहेबांनी सवयीने एक बोंबील उलटा करून पाहिला तर तिने हातावर चापट मारली. “सायब, बोंबलाला बूड नस्ते. खाऊन बघा नि मग बोला.” एकदा वहिनी नवऱ्याबद्दल काही कुरकुर करत होत्या, तेव्हा आग्नेस म्हणाली, “तुझा मानूस तुझ्यासाठी दुकानं पालथी घालतो, ते तुला खुपते. माझ्यासाठी कोन घालनार होता? मीच. नि मना त्या इंग्रजी खोक्यावरचं वाचता येत नाय.” वहिनींनी ते मला सांगितलं आणि पुढे म्हणाल्या, “त्या दिवसापासून मी यांच्या हातात डबा द्यायला कुरकुरले नाही.”

वर्ष पार पडलं. दोघी बऱ्या झाल्या. आणि साहेब नकळत एका नव्याच कामाला लागले. कुणाच्या घरी हा आजार निघाला की माणसं त्यांच्याकडे येऊ लागली. साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला : “डॉक्टरांना सांगितलंत का, परवडत नाही म्हणून?” बहुतेकांनी सांगितलेलं नसे. शिकलेली, पगारदार माणसं; कार्यालयात वरिष्ठांशी भांडतील, पण हे एक वाक्य त्यांच्या घशात अडके. “माझंही अडकलं होतं,” साहेब त्यांना सांगत. मग औषधाचं दुसरं रूप मिळतं का, छापील किमतीवर किती उतरतं, रेशनकार्डावर नावं बरोबर आहेत का, सरकारी आरोग्य योजना कुठल्या हॉस्पिटलात चालते, कुठला ट्रस्ट कशासाठी मदत करतो, हे सगळं ते शांतपणे बघत. जिथे भाव करायचा तिथे ते जात. जिथे मागायचं तिथे वहिनी जात. “जोडी बरी जमली,” वहिनी म्हणत, “फक्त चाळीस वर्षं उशिरा.”

सगळीकडे यश येत नसे. आमच्याच सोसायटीतल्या एका गृहस्थांना ज्या गोळ्या लागत त्या एकच कंपनी बनवत होती. साहेब महिनाभर हिंडले. सगळीकडे तोच आकडा. घरी येऊन म्हणाले, “जिथे एकच दुकान असतं तिथे भाव नसतो, हुकूम असतो.” शेवटी त्या कंपनीचीच एक सवलत निघाली, काही महिन्यांच्या गोळ्या विकत घ्या, पुढच्या आम्ही देऊ. त्यावर ते गृहस्थ वर्षभर चालले-फिरले. मग गेले. साहेब स्मशानातून आले आणि बाल्कनीत बसून राहिले. वहिनींनी जेवायला हाक मारली तेव्हा म्हणाले, “पुरवठा चालू होता, सुलभा. माल कमी पडला.”

आणि मग आग्नेसचा आजार परतला. या वेळी यकृतात. डॉक्टरांनी तेच औषध पुन्हा सुरू करायचं ठरवलं, जोडीला आणखी एक. औषध होतं, ट्रस्टचे थोडे पैसे होते, पण वाटेकरीण नव्हती. वहिनींना आता ते औषध लागत नव्हतं. पुरी बाटली घ्यायची, निम्मी वापरायची आणि निम्मी फेकायची, एवढी आग्नेसची ऐपत नव्हती. एक डोस तिने चुकवला. कुणाला सांगितलंही नाही. माल भरायला गेले होते म्हणाली. वहिनींनी आपल्या बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या तर तिने त्या परत त्यांच्या हातात चढवल्या. “किती दिवस पुरतील गो? बारक्या हायत.”

त्यानंतर साहेब दर मंगळवारी सकाळी हॉस्पिटलात जाऊन बसू लागले. तिथे काय करत बसतात ते वहिनींना कळेना, म्हणून एका सुट्टीच्या दिवशी मी गेले. ते डॉक्टरांच्या दारासमोरच्या बाकावर होते. मी शेजारी बसले.

“डॉक्टर म्हणाल्या आहेत, याच औषधाची दुसरी पेशंट आली की लगेच सांगते,” ते म्हणाले.

“मग फोन करतील की, साहेब. इथे कशाला बसायचं?”

“नीलिमा, मी इथे बसून कशाची वाट बघतोय, कळतंय का तुला? कुठल्या तरी बाईला हाच आजार निघावा. याच प्रकारचा. हेच औषध तिला लागावं. आणि तिला मंगळवार सोयीचा पडावा.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “असली खरेदी मी आयुष्यात केली नाही.”

“तुम्ही वाट बघता म्हणून कुणाला आजार होत नाही, साहेब.”

“ते समजतं गं. तरीही ते दार उघडलं की माझी मान वर होते.”

आम्ही तसेच बसून राहिलो.

ती पुढच्या महिन्यात आली. चिंचोटीकडची वृषाली नावाची मुलगी, नवीन लग्न झालेली, केस गेलेल्या डोक्याला रुमाल बांधलेला. नवरा एका गाळ्यात मशीनवर कामाला. डॉक्टरांनी साहेबांना आत बोलावून सांगितलं. त्या दिवशी मी नव्हते, वहिनी होत्या. साहेब बाहेर आले, त्या मुलीकडे एकदा पाहिलं आणि चहा आणतो म्हणून खाली गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. वहिनी शोधायला गेल्या तर ते रिक्षा स्टँडच्या मागे भिंतीकडे तोंड करून उभे होते. “सुटलो असं वाटलं मला,” ते म्हणाले. “त्या पोरीला बघून मला सुटल्यासारखं वाटलं, सुलभा.”

वर वॉर्डात आग्नेसने वृषालीला आपल्या खाटेवर ओढून बसवलं होतं. “ये गो पोरी. घाबरू नको. ही सुई सोपी हाय. काय पन विचार, मी लय जुनी गिऱ्हाईक.” मुलगी रडत होती ती थांबली.

आग्नेस त्यानंतर जवळजवळ वर्षभर जगली. तिचं औषध पुन्हा चुकलं नाही. सुक्या मासळीची टोपली तिने शेवटचे दोन महिने तेवढी सोडली. साहेब आणि वहिनी पाचूबंदरला भेटायला गेले तेव्हा ती दारात बाजल्यावर होती, पिवळी पडलेली. म्हणाली, “सायब, माझा वाटा आता त्या पोरीला देऊन टाका.” बाटली फोडल्याशिवाय वाटा निघत नाही आणि एकटीने फोडली तर उरलेलं वाया जातं, हे साहेबांइतकं कुणाला ठाऊक? ते म्हणाले, “देतो.” आठवड्याभरात ती गेली. चर्चमध्ये साहेब मागच्या बाकावर उभे होते. सगळे बसले तरी उभेच होते.

वृषालीचे शेवटचे काही डोस राहिले होते. आता ते तिला एकटीला, पुऱ्या किमतीला घ्यावे लागणार होते. वहिनींनी मुंबईच्या एका ट्रस्टकडे जायचं ठरवलं. त्या निघाल्या तेव्हा साहेब बूट घालून दारात उभे. “मी येतो,” म्हणाले. पुढचं वहिनींनी मला सांगितलं. कार्यालयात टेबलामागे एक तरुण मुलगा होता. तो म्हणाला, “बोला काका.” वहिनी तोंड उघडणार एवढ्यात साहेब म्हणाले, “नमस्कार. मी मागायला आलो आहे.” हे सांगताना वहिनींनी पदराने डोळे पुसले. “मुलीसाठी का, असं त्या मुलाने विचारलं,” त्या म्हणाल्या. “हे म्हणाले, हो.”

डोस पूर्ण झाले. शेवटच्या मंगळवारी वृषाली साहेबांच्या पाया पडली. साहेबांनी तिला उठवलं आणि एक विचित्रच गोष्ट सांगितली. “बाळ, आता इकडे फक्त तपासणीला यायचं. बाकी सगळं विसरायचं. आम्हालासुद्धा. रस्त्यात भेटलो तर ओळख दाखवायची नाही. मला बघितलंस की तुला हा वॉर्ड आठवेल. ते नको.” मुलीला ते कळलं की नाही कोण जाणे. ती मान हलवून गेली.

साहेब गेल्या थंडीत गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. वहिनी आहेत, नागपूरला मुलीकडे असतात, तब्येत चांगली आहे. कुणाचा फोन आला की तिथूनही सांगतात, आधी डॉक्टरांना सांगितलंत का?

मला साहेब आठवतात ते त्याआधीच्या दिवाळीतले. माणिकपूरच्या बाजारात आम्ही बँकेतून परतत होतो. ते हळू चालत, मी त्यांच्या पिशव्या घेतल्या होत्या. समोरून वृषाली येत होती, नवऱ्याबरोबर, हातात रांगोळीच्या पुड्या. तिने आम्हाला पाहिलं, तिचा चेहरा उजळला आणि ती आमच्याकडे वळली. त्याच क्षणी साहेबांनी माझा दंड धरला आणि मला शेजारच्या शाळेच्या गणवेशाच्या दुकानात ओढलं. रस्त्याकडे पाठ करून काउंटरला टेकून उभे राहिले.

“काय देऊ काका?” दुकानदाराने विचारलं.

“काही नको. थोडा वेळ उभा राहतो.”

मी वळून पाहिलं. वृषाली दुकानाच्या पायरीशी येऊन थांबली होती. साहेबांच्या पाठीकडे बघत होती. नवऱ्याने काही विचारलं, तिने मान हलवली. मग तिने माझ्याकडे पाहून हात जोडले, अगदी हळूच, आणि गर्दीत निघून गेली.

“गेली का?” साहेबांनी विचारलं.

“गेली.”

“केस केवढे झालेत गं?”

“खांद्याच्या खाली आलेत, साहेब. वेणी घातली होती.”

“वेणी,” ते म्हणाले आणि दुकानातून बाहेर पडले.